धक्का

पहिल्यांदा आवाज आला तेव्हा मी रेडिओ मोठा केला.

आवाज तरी काय, थांबताना मागून एक ‘खट्’ आणि निघताना परत एक ‘खट्’. मागे बोटीचा ट्रेलर जोडलाय म्हटल्यावर काहीतरी वाजणारच. साखळ्या वाजतात, बोट आवळलेले पट्टे करकरतात, बोटीत विसरलेली बादली इकडून तिकडे लोळते. त्यातलंच असेल. पुढच्या फेरीला ‘खट्’चा ‘धाड्’ झाला, तेव्हा मी साखळ्यांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले. साखळ्या गप्प झाल्या, धाड् तसाच राहिला. मग बादली काढली. त्या हंगामात मी काय काय गप्प केलं याची यादी मोठी आहे. ज्या पेटीतून आवाज येत होता ती सोडून सगळं.

ती पेटी म्हणजे सर्ज ब्रेकचा अ‍ॅक्च्युएटर. नाव भारदस्त असलं तरी आत फारसं काही नाही. भरलेली बैलगाडी उताराला लागली की बैलांच्या मानेवर येते. ट्रेलरचंही तसंच. पुढची गाडी थांबायला लागली की तो तिच्या मानेवर येतो. सर्ज ब्रेकची करामत एवढीच, की या मानेवर येण्यालाच त्याने कामाला जुंपलंय. ट्रेलरच्या दांडीच्या टोकाला पोलादी पेटी आणि पेटीत ड्रॉवरसारखा सरकणारा एक तुकडा. पेटी ट्रेलरची, ड्रॉवर गाडीचा, कारण गाडीच्या मागच्या जोडणीच्या गोळ्यावर, म्हणजे हिच बॉलवर, बसणारा कपलर त्या ड्रॉवरच्या तोंडाशी असतो. गाडीने वेग कमी केला की ट्रेलर पुढे रेटतो, ड्रॉवर पेटीत शिरतो, आतली एक सळई मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याला दाबते आणि ब्रेक ऑइल नळीतून मागे चाकांपर्यंत जातं. झालं. गाडीतून ट्रेलरकडे ब्रेकची नळी जात नाही की वायर. तुमच्या पायाचा आणि ट्रेलरच्या चाकांचा संबंध फक्त त्या धक्क्यातून येतो.

मराठीत हा शब्द मला फार आवडतो. बोट जिथे लागते तोही धक्का, आणि मागून बसतो तोही धक्का. माझ्या ट्रेलरचं आयुष्य या दोन अर्थांच्या मधेच जातं.

धक्का केवढा असतो याचा मी एकदा कागदावर हिशेब केला. माझा ट्रेलर बोटीसकट 2000 किलो. अगदी सौम्य नाही आणि करकचूनही नाही, असा ब्रेक मारला, म्हणजे दर सेकंदाला वेग ताशी सुमारे 11 किलोमीटरने कमी झाला, तर स्वतःचा ब्रेक नसलेला ट्रेलर गाडीला 6000 न्यूटनच्या जोराने ढकलतो. साध्या भाषेत, गाडीच्या पाठीला 600 किलोंचं ओझं आडवं टेकलंय. सर्ज ब्रेक चालू असेल तर या ढकलीतूनच ट्रेलरची चाकं आवळली जातात, ती आवळली की ढकल कमी होते, ढकल कमी झाली की चाकं थोडी सैल पडतात, आणि कुठेतरी मध्यावर दोघांचं जमतं. ढकल पूर्ण शून्य मात्र कधीच होत नाही. झाली तर ब्रेकच सुटेल. थोडं मानेवर यावंच लागतं. आमच्या घरातले काही संवाद मला याच तत्त्वावर चालताना दिसतात, पण तो वेगळा विषय आहे.

बोटीच्या ट्रेलरला हाच ब्रेक का, याचं कारण पाणी. बोट उतरवताना चाकं थेट पाण्यात जातात. चाकात चुंबक आणि वायरी असलेला विजेचा ब्रेक मालाच्या ट्रेलरवर उत्तम, तिथे तर ड्रायव्हर तो स्वतंत्रपणे लावूही शकतो. ट्रेलर झोकांड्या खायला लागला तर ते वरदानच. पण त्याच वायरी आणि चुंबकं लिटरला 35 ग्रॅम मीठ असलेल्या समुद्रात बुडवत राहिलात तर ती फार दिवस सोबत करत नाहीत. युरोपातल्या छोट्या ट्रेलरवरही, 3500 किलोंपर्यंत, धक्क्याचंच तत्त्व वापरतात, फक्त तिथे तेलाऐवजी सळई आणि केबल असते.

आता या साध्या यंत्राची एक खोड. त्याला ढकल तेवढी कळते, ढकलीचं कारण कळत नाही. गाडी थांबतेय म्हणून ड्रॉवर आत गेला की गाडी रिव्हर्स येतेय म्हणून, त्याच्या लेखी दोन्ही एकच. त्यामुळे चढावर ट्रेलर मागे ढकलायला जावं तर तो बिचारा इमानदारीत ब्रेक लावून बसतो. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर देता, तो आणखी आवळतो. तुम्ही आणखी देता, तो आणखी. यावर माझ्या जुन्या अ‍ॅक्च्युएटरला एक खिट्टी होती. रिव्हर्स घेण्याआधी उतरायचं, खिट्टी घालायची म्हणजे ड्रॉवर आत जाणार नाही, रिव्हर्स घ्यायचा, परत उतरायचं, खिट्टी काढायची.

परत उतरायचं. एकदा मी उतरलो नाही. बोट पाण्यातून काढली, पाऊस आला, सगळे भिजले होते, निघालो. घरी पोचल्यावर साखळ्या सोडताना खिट्टी जागच्या जागी दिसली. अख्खी वाट ट्रेलर ब्रेकशिवाय आला होता आणि मला काही कळलं नव्हतं. रस्ता सपाट होता, गर्दी नव्हती, एवढंच. खिट्टी काढून मी खिशात टाकली आणि हे कोणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदाच सांगतोय.

तर, धाड्. हंगामाच्या शेवटी एका लांबलचक उताराने माझी खोड मोडली. खाली वळणावर गाड्या थांबलेल्या दिसल्या, मी ब्रेक दाबला, मागून धाड् झालं आणि गाडी हवी तशी थांबेना. थांबली, पण पुढच्या गाडीचा नंबर मला चष्म्याशिवाय वाचता येत होता. बायको शेजारून शांतपणे म्हणाली, “एवढा का दाबतोयस?” मी म्हटलं, “उतार आहे.” ती काही बोलली नाही. रेडिओ तिने बंद केला.

घरी आल्यावर आधी पेटीवरच्या ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडलं. खरं तर हे काम वर्षातून एकदा करायचं असतं. आत तळाशी बोटभर ब्रेक ऑइल आणि तेही शेवाळलेल्या डबक्याच्या रंगाचं. ब्रेक ऑइलला पाण्याची हाव असते. नेहमीचं डॉट 3 घ्या, हवेतली वाफसुद्धा ते हळूहळू पिऊन टाकतं. नवं असताना ते किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी प्यायलं की ही हमी 140 वर येते. म्हणजे उतारावर ब्रेक तापले की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. सगळा ब्रेक या एका फरकावर उभा असतो. शिवाय ते प्यायलेलं पाणी सिलिंडरला आतून गंजवतं. माझ्या मास्टर सिलिंडरच्या आतल्या गुळगुळीत भिंतीला देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते, रबरी सील त्यावर फाटलं होतं आणि तेल तिथून निघून गेलं होतं. दट्ट्यासमोर दाबायला काही उरलंच नव्हतं. त्यामुळे ड्रॉवर बिनदिक्कत आत जायचा आणि पेटीच्या टोकाला आपटायचा. त्याची धाव मवाळ करणारा आतला डँपरही संपला होता. मी ज्याला आवाज म्हणत होतो ती खरी तर रिकाम्या सिलिंडरची बोंब होती.

नुसता सिलिंडरही मिळतो. पण सरकणाऱ्या तुकड्याचे रोलर एका बाजूने चपटे झाले होते, पेटीच्या तळाचे पोपडे बोटाने निघत होते. अख्खा अ‍ॅक्च्युएटरच बदलायचा ठरवलं. दांडीची बाहेरून रुंदी मोजली, ट्रेलरचं वजन बघितलं, हिच बॉलचं माप बघितलं, एक मागवला आणि चुकलो. आला तो ड्रम ब्रेकचा. माझ्या चाकांना डिस्क आहेत.

दिसायला दोघे जुळे भाऊ. फरक आत आहे. ड्रममध्ये ब्रेक सोडल्यावर शू, म्हणजे ड्रमला आतून घासणारे तुकडे, मागे ओढायला स्प्रिंगा असतात, म्हणून नळीत थोडासा दाब कायम राहू देणारा एक बारीक व्हॉल्व्ह ड्रमवाल्यात बसवलेला असतो. डिस्कला अशी स्प्रिंग नसते. तिथे तो उरलेला दाब डिस्क चिमटीत धरणाऱ्या पॅडना तिच्यावर घासत ठेवतो. पाय ब्रेकवर नाही, उतार नाही, तरी ब्रेक थोडासा लागलेलाच, आणि चाक मैलोन्‌मैल तापत जातं. शिवाय डिस्कला दाबही जास्त लागतो. चूक माझीच होती, बॉक्सवर स्पष्ट लिहिलं होतं. परत पाठवला. दुसरा आला त्यात रिव्हर्सची खिट्टी नव्हती, एक सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, होता. गाडीच्या रिव्हर्स लाइटची वायर ट्रेलरच्या प्लगच्या पाचव्या पिनेतून त्याला जोडायची. रिव्हर्स टाकला की तो टिक् करून तेलाची वाट बंद करतो. विसरायला काही शिल्लकच नाही. मला थोडं वाईटही वाटलं.

बोट टेकूंवर उतरवली, ट्रेलरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावले, दांडी घोडीवर घेतली. आता चार बोल्ट काढायचे. वाचायला केवढी सोपी ओळ आहे! दोन रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं. पहिला बोल्ट कुरकुरत आला. दुसरा आला. तिसऱ्याचं डोकं पान्यात गुळगुळीत झालं. सहा कोपऱ्यांचं गोल व्हायला तीन झटके पुरतात. चौथा तर फिरायचा, पण नटासकट. शेवटी ग्राइंडर काढला. ब्रेक ऑइलचा डबा आधी लांब नेऊन ठेवला, चष्मा लावला आणि ठिणग्यांच्या कारंज्यात दोन्ही डोकी उडवली. जुना अ‍ॅक्च्युएटर जमिनीवर पडला तेव्हा त्याचा शेवटचा धाड् झाला.

ब्रेकची नळी सोडताना मात्र साधा पाना वापरू नये. त्या मऊ नटाला जवळजवळ सगळीकडून धरणारा, तोंडाशी फट असलेला वेगळा पाना मिळतो. मी तो आणला होता आणि तरी साधाच आधी लावून बघितला. नट चेपला. मग तेवढा तुकडा नवा टाकला, कॉपर-निकेलचा. गंजत नाही आणि हाताने वाकतो. त्याच्या टोकाची कडा दुमडून दुहेरी करण्याचं काम मात्र कोणाच्याही संयमाची परीक्षा आहे. पहिल्या तीन कडा वाकड्या आल्या. चौथी आली तेव्हा मी ती उजेडात धरून दोन मिनिटं नुसता बघत होतो. घरात दाखवायलाही नेली. कोणी दाद दिली नाही.

नव्या पेटीची पुढची भोकं दांडीच्या भोकांवर बरोबर बसली, मागची अर्ध्या बोटाने हुकली. अशा वेळी जुनं भोक ओढून लांबट करायचा मोह होतो. करू नये. त्या लांबट भोकात बोल्ट सरकत राहतो आणि दोन टन त्याच्यावर येत-जात असतात. मी नवीन भोक पाडलं, तेही एका दमात आरपार नाही; आरपार गेलं की ड्रिल पलीकडे तिरकं निघतं. दोन्ही बाजूंनी मोजून खूण केली आणि दोन्हीकडून पाडलं. उघड्या पडलेल्या लोखंडाला जस्ताचा रंग लावला. बोल्ट नवे, नट नवे, कंपनीच्या कागदात दिलेल्या जोराइतकेच आवळलेले. जुना बोल्ट परत वापरावा असं एका क्षणीही वाटलं नाही, हे माझ्या स्वभावात बसत नाही. त्या उताराचा परिणाम असावा.

मग ब्रेकच्या नळीत शिरलेली हवा काढायची. हे एकट्याने जमत नाही, म्हणून मुलीला हाक मारली. तिचं काम पुढे: पेटीला असलेल्या भोकातून लांब स्क्रूड्रायव्हर घालून आतली सळई मागे रेटायची, म्हणजे हाताने खोटा धक्का द्यायचा. माझं काम मागे, चाकाशी आडवं पडून ब्रेकवरचं हवा सोडायचं निपल उघडायचं. निपलवर पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक तेल असलेल्या बाटलीत बुडवलेलं. सुरुवात नेहमी सगळ्यात लांबच्या चाकापासून. माझ्याकडे ब्रेक एकाच अ‍ॅक्सलला आहेत आणि नळी डावीकडून येऊन उजवीकडे जाते, म्हणून आधी उजवं.

“दाब.”

“दाबलं.”

“धरून ठेव.” मी निपल सोडतो. नळीत फेस, मग बुडबुडे, मग गढूळ तेल. निपल बंद. “सोड.”

“सोडलं. टाकीत तेल कमी झालंय, बाबा.”

“ओत. टाकी रिकामी झाली तर परत पहिल्यापासून.”

असं वीस-पंचवीस वेळा. मधे एकदा “धरून ठेव” म्हणायच्या आत तिने सोडलं आणि नळीतला बुडबुडा डोळ्यांदेखत उलटा आत गेला. मी काही बोललो नाही, पण माझी चप्पल ज्या पद्धतीने हलली त्यावरून तिला कळलं. थोड्या वेळाने ती पुढून म्हणाली, “पण हिला कसं कळतं, गाडी थांबतेय ते?”

“कळत नाही. हिला फक्त ढकललेलं कळतं.”

“म्हणजे आत्ता हिला वाटतंय की आपण थांबतोय?”

“हो. पंचवीस वेळा.”

तिला हे फार आवडलं. त्यानंतर प्रत्येक वेळी दाबताना ती पेटीला सांगायची, “थांब गं.” डावं चाक झालं तोवर नळीतून पाण्यासारखं स्वच्छ तेल यायला लागलं. दोन थेंब ट्रेलरच्या मडगार्डवर सांडले होते. ते दिसेपर्यंत रंग फुगायला लागला. ब्रेक ऑइल सांडलं की लगेच पाणी ओतायचं, हे मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं. मला कोणी सांगायचं?

अंधार पडत आला होता. शेवटची दोन कामं राहिली. एक, तुटक केबल. ट्रेलर कधी गाडीपासून सुटलाच तर ही केबल ताणली जाऊन पेटीवरचा खटका ओढते आणि ब्रेक लागून राहतो. ती साखळ्यांपेक्षा लांब हवी. नाहीतर वळणावरच ताणली जाईल आणि चालता ट्रेलर जागेवर अडकेल. साखळ्या दांडीखालून एकमेकींवर फुलीसारख्या घ्यायच्या, म्हणजे कपलर निसटलाच तर दांडी रस्त्यावर न पडता त्या झोळीत पडते. दुसरं, चाक उचलून हाताने फिरवायचं आणि मुलीने सळई दाबली की ते थांबतंय ना बघायचं. जॅक डाव्या बाजूला लावलेलाच होता. डावं चाक फिरवलं, तिने दाबलं, कच्चकन थांबलं. तिने सोडलं, चाक मोकळं. उजवीकडे जॅक नेऊन परत तेच करायचं होतं. पण उजव्यातून स्वच्छ तेल आलेलं मी स्वतः पाहिलं होतं. तेही लागत असेलच.

दुसऱ्या दिवशी बोट न चढवताच ट्रेलर जोडून मोकळ्या रस्त्यावर नेला. पहिला थांबा. मी रेडिओ बंद ठेवला होता. मागून काही नाही. निघताना काही नाही. रिव्हर्स टाकला, मागे बारीक टिक्, ट्रेलर निमूट मागे गेला. दहा-बारा वेळा मुद्दाम थांबलो, प्रत्येक वेळी जरासा जास्त दाबून. गाडीला मागून अगदी थोडी ढकल जाणवायची आणि मग सगळं एकत्र थांबायचं.

घरी आल्यावर मुलीला म्हटलं, हात लावून नको, पण तळवा जवळ नेऊन बघ, ब्रेक लागले असतील तर डिस्क तापल्या असणार. ती डावीकडे वाकली. “गरम आहे.” उजवीकडे गेली, थोडा वेळ तिथेच राहिली.

“बाबा, हे गार आहे.”

“हवा राहिली असेल त्या बाजूला. परत काढू.”

ती विचार करत उभी राहिली. शाळेत पास्कलचा नियम नुकताच झाला होता. “पण तेल बंद आहे ना आत? मग दाब सगळीकडे सारखाच जाणार. हवा राहिली असती तर दोन्हीकडचा दाब कमी झाला असता. एक गरम आणि एक गार कसं होईल?”

मी बाटली हातात घेऊन तसाच उभा होतो. बरोबर होतं. पेटी नवी, तेल नवं. दाब उजवीकडेही तेवढाच पोचत होता. तिथे पॅड आवळणारा कॅलिपर दट्ट्याशी अडकला असेल, नाहीतर ज्या पिनांवर तो सरकतो त्या गंजल्या असतील, आणि हे आजचं नाही. काल ते चाक फिरवलं असतं तर कालच दिसलं असतं.

“काल तू या बाजूचं फिरवलंच नाहीस,” ती म्हणाली.

“अंधार पडला होता,” मी म्हणालो, आणि जॅक उजवीकडे घेऊन गेलो.